कावळ्याला दिलेला शब्द

"काका, तुम्ही पूर्ण पैसे भरले नव्हते," बँकेतली मुलगी म्हणाली, आणि गुणवंतने आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीत शुभदा बसली होती. मांडीवर रसिकाच्या मार्कलिस्टची फाईल, फाईलवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही ऑफिसात ती अशीच बसायची, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. आता तिने मानसुद्धा वळवली नाही. टेबलावर एक पेपरवेट होता, काचेचा, आत लाल फूल असलेला. त्या फुलाकडे ती बघत राहिली.

मुलीचं नाव लिनेट. गळ्यात बारीक चेनीत क्रूस, बोलणं गोड, वय असेल पंचवीस-सव्वीस. त्याचा रोशन असता तर अठ्ठावीसचा असता. कुणीही तरुण दिसलं की गुणवंतचं मन हे गणित आपलं आपण करून टाकायचं, त्याला विचारायचंसुद्धा नाही. लिनेटने कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि अगदी शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. आता सगळ्या बँकांची माहिती एका ठिकाणी जमा होते. कुणी कर्ज घेतलं, कुणी वेळेवर फेडलं, कुणी बुडवलं, सगळं. रसिकाच्या फार्मसीच्या कर्जाला वडील म्हणून काकांची सही लागणार, म्हणून काकांचा रिपोर्ट काढला. त्यात २००४ साली मिटवलेलं एक क्रेडिट कार्ड आहे. येणं होतं एकतीस हजार, भरले साडेबारा हजार, उरलेले बँकेने सोडून दिले. म्हणून इथे 'सेटल्ड' असं आलंय. "क्लोज्ड पाहिजे होतं, काका. सेटल्ड म्हणजे तडजोड. हेड ऑफिस अशी फाईल परत पाठवतं." मग त्याचा चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला. जुन्या बँकेत जाऊन राहिलेले साडेअठरा हजार भरा, नो ड्यूजचं लेटर घ्या. रेकॉर्ड सुधारायला दोन-तीन महिने लागतात, पण लेटर हातात असलं तर मी वरती बोलू शकते. कॉलेजची फी एकतीस जुलैला ना, मग त्याच्या आधी आणा. आजची तारीख होती तीन.

गुणवंत हो हो म्हणत राहिला. अशा वेळी माणूस हो हो म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायला तोंड उरलेलं नसतं. उठताना लिनेटने सहज सांगितलं की ती रोज उत्तनहून येते, लेटर मिळालं आणि बँक बंद झाली असली तरी फोन करा, मी बससाठी इथेच स्टॉपवर असते. उत्तन म्हटल्यावर गुणवंतला मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी अशी गावं ओळीने आठवली आणि त्यांच्या शेवटी पालीचं ते वळण. त्याने तिचे आभार मानले. शुभदाने फाईल छातीशी धरली आणि ती त्याच्या पुढे जिना उतरली.

रस्त्यात तिने कोथिंबीर घेतली. नवघरच्या नाक्यावर भाजीवाल्याशी हिंदीत नेहमीसारखी हुज्जत घातली, एवढीशी जुडी आणि दहा रुपये, असं म्हणून आठ दिले. गुणवंत मागे उभा राहून ऐकत होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. भांडणाला निदान उत्तर देता येतं. सहा वर्षांपूर्वी त्याने तिला सांगितलं होतं, भरले सगळे, एक पैसा ठेवला नाही. सांगताना तो पायातले मोजे काढत होता, हे त्याला अजून लख्ख आठवतं. मोजे काढायच्या निमित्ताने खाली बघता आलं होतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा हातांना काहीतरी काम देतो, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि नंतर तो स्वतःच्या हातांवर नजर ठेवून राहिला. आताही त्याचा हात खिशातल्या किल्ल्यांशी खेळत होता. त्याने तो बाहेर काढला आणि कोथिंबिरीची पिशवी धरायला पुढे केला. तिने पिशवी दिली.

ते कार्ड खरं तर त्याच्या स्वतःच्या हौसेने घरात आलं होतं. २००२ साली स्टेशनबाहेर छत्रीखाली टेबल मांडून एक टाय लावलेला मुलगा बसायचा. तो गुणवंतला 'सर' म्हणाला. हाटकेशच्या कारखान्यात वीस वर्षं स्टोअरचं रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला सर म्हणणारा तो पहिलाच प्राणी. गुणवंतने तीन ठिकाणी सह्या केल्या. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून इथे येऊन आठ वर्षं झाली होती, वन रूम किचनचा हप्ता फिटत आला होता, आणि आपल्यालाही कुणी उधार द्यायला टेबल मांडून बसतं याचं त्याला आतून फार बरं वाटलं होतं. आपलं कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या कव्हरसकट कपाटात ठेवलं आणि एकदाही वापरलं नाही. त्यावर एक जोडकार्ड फुकट होतं, ते त्याने बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या रोशनच्या नावाने करून दिलं, कौतुकाने. असू दे, अडीअडचणीला. अडीअडचण म्हणजे काय याबद्दल बापलेकांच्या कल्पना वेगळ्या होत्या एवढंच.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातला रविवार. दुपारचं जेवण, ताटात तळलेले बोंबील, रोशनला आवडायचे म्हणून शुभदा भाईंदर वेस्टच्या बाजारातून सकाळी जाऊन घेऊन आलेली. बिल आदल्या दिवशी आलं होतं आणि गुणवंतने ते मुद्दाम जेवायच्या वेळेला काढलं. हे 'मुद्दाम' त्याने पुढे किती वेळा स्वतःपाशी कबूल केलं असेल याला मोजमाप नाही. तो कारखान्यात माल वाचून दाखवतात तसा एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला. बूट, इतके. मोबाईल, इतके. हॉटेल, इतके. पुन्हा हॉटेल. बारा वर्षांची रसिका ताटातला भात गोळा करत खाली बघत होती. रोशन म्हणाला, "भरीन मी, बाबा." तेव्हा गुणवंत म्हणाला की कशातून भरशील, आधी कमवायला लाग आणि मग या ताटावर बस. शुभदा एवढंच म्हणाली, "जेवू तर द्या त्याला." पण रोशन उठला होता. त्याने नीट हातही धुतला नाही, पुसला तो पँटला. खाली मित्राची बाईक होती ती घेऊन तो गेला, आणि साडेपाच वाजता फोन आला की पालीच्या वळणावर पाण्याचा टँकर होता.

पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा त्यात एकच नवी ओळ होती. भाईंदर वेस्टचा पेट्रोल पंप, शंभर रुपये, वर अधिभार अडीच रुपये. तारीख त्या रविवारची. मित्राची गाडी फुकट कशी वापरायची म्हणून पोराने पेट्रोल भरलं होतं. घरातून असा उठून गेलेला मुलगा, हाताला बोंबलाचा वास, आणि तरी मित्राच्या गाडीत स्वतःच्या नावचं पेट्रोल घालायची त्याला आठवण राहिली. गुणवंतने ते बिल शुभदाला दाखवलं नाही. कारखान्यातल्या टेबलाच्या खणात, रबरी शिक्क्यांच्या डब्याखाली ठेवून दिलं. ते अडीच रुपये त्याला शंभरांपेक्षा जास्त लागले, आणि का ते त्याला कधी सांगता आलं नाही.

पण त्याआधी दहावा. खाडीकाठी सकाळी अकराचं ऊन, पाण्याला गाळाचा वास, गुरुजी घाईत. बायकांनी येऊ नये असं कुणीतरी म्हणालं होतं, शुभदा आली आणि सगळ्यांपासून दहा हात दूर उभी राहिली. पिंड मांडला. कठड्यावर सात-आठ कावळे बसले होते, मान तिरकी करून बघायचे आणि तिथेच बसायचे. पाव तास गेला. मग सुरू झालं नेहमीचं, ज्याच्या त्याच्या मनात जे असेल ते. मामा म्हणाला, रसिकाचं शिक्षण आम्ही बघू. मित्र म्हणाला, गाडीचं काही मनात ठेवू नकोस. कावळे हलेनात. अर्धा तास झाला तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करू का असं विचारलं. दर्भाचा कावळा म्हणजे पोरगा रागावूनच गेला, चारचौघांत सिद्ध झालं. तो दोन पावलं पुढे गेला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "रोशन, तुझ्या कार्डाचा पैन् पै मी फेडीन. तुझ्या नावावर काही ठेवणार नाही." त्याला पक्कं आठवतं की बोलताना त्याने शुभदाकडे पाहिलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आणि एक कावळा उतरला, भात उचलून गेला, मग बाकीचे उतरले. जमलेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पोराचा जीव त्यात अडकला होता, मामा म्हणाला. तेव्हापासून नातेवाइकांत हीच गोष्ट कायम झाली.

शुभदाने पुढच्या उन्हाळ्यात हातातल्या चार बांगड्या काढून दिल्या. वसुलीचे फोन सुरू झाले होते, व्याज आणि दंड धरून आकडा एकतीस हजारांवर गेला होता. पूर्ण भरा, तुम्ही शब्द दिलाय, एवढं म्हणून ती आत गेली. सराफाकडून बरोबर एकतीस हजार आले, आणि ते शर्टाच्या आतल्या खिशात असतानाच, शुभदा रसिकाच्या शाळेत गेलेली असताना, वसुलीवाला दारात उभा राहिला. सुभाष नाव. गुणवंतला गुंड अपेक्षित होता. हा तर चप्पल बाहेर काढून आत आला, भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहून थबकला, आणि त्याने फोटोला नमस्कार केला. पाणी प्यायला. मग म्हणाला की काका, तुमच्याकडून पूर्ण घ्यायला माझा हात होणार नाही, मी साहेबांशी बोलून सेटलमेंट करून देतो, चाळीस टक्के भरा, लेटर घ्या आणि मोकळे व्हा. गुणवंतला रडू आलं. गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक जण त्याच्यावर काहीतरी ठेवून गेला होता, कुणी सांत्वन, कुणी उपदेश, कुणी नुसती नजर. त्याच्यावरचं थोडं उचलून घेणारा हा पहिला माणूस. बँकेनेच सोडले म्हणजे फिटलेच, असं त्याने स्वतःला समजावलं. आलेलं लेटर त्याने लॅमिनेट करून घेतलं, कारखान्याच्या त्याच खणात ठेवलं, आणि अधूनमधून काढून वाचायचा. जगातल्या चांगुलपणाचा आपल्याकडे लेखी पुरावा आहे असं त्याला सहा वर्षं वाटत होतं. तोच कागद आता रसिकाच्या आड उभा होता.

उरले साडेअठरा हजार. ते परत शुभदाच्या हातात ठेवायचे तर सांगावं लागलं असतं. आणि त्या दिवसांत सकाळी पाच वाजता मोरीतून आवाज यायचा. शुभदा रोशनचे शर्ट धुवायची. धुतलेलेच, घडी घातलेलेच शर्ट दर दोन-तीन दिवसांनी काढून, साबण लावून, धोपाटण्याने धोपटायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त यायचं. गुणवंत आत पडून प्रत्येक फटका मोजायचा. एका शर्टाला एकवीस-बावीस. एक दिवस त्याने वॉशिंग मशीन आणलं, सात हजार आठशेचं, बोनस मिळाला म्हणून सांगितलं. उरलेले रसिकाच्या क्लासला गेले. मशीन आलं त्या आठवड्यात शुभदाने रोशनचे शर्ट बोहारणीला न देता ट्रंकेत ठेवले आणि तो आवाज बंद झाला. तिच्या बोटांसाठी आणलं असं तो म्हणत आला. खरं तर ते त्याने स्वतःच्या कानांसाठी आणलं होतं.

बँकेतून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता तो आवाज पुन्हा सुरू झाला. गुणवंत ताडकन उठून बसला. क्षणभर त्याला कळेना आपण कुठल्या सालात आहोत. मोरीत शुभदा बसली होती, रसिकाचे ड्रेस, त्याचे शर्ट, चादरी धोपटत. गॅलरीत मशीन होतं, त्यावर तिने जुना टॉवेल पांघरला होता आणि टॉवेलवर तुळशीची कुंडी ठेवली होती. मशीन बिघडलंय का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. रसिका झोपेतून उठून बघत राहिली आणि आईकडून बाबांकडे, बाबांकडून आईकडे असं पाहून न बोलता दात घासायला गेली. घरातले न बोलण्याचे नियम तिला बारा वर्षांची असल्यापासून पाठ होते. जुलैची दमट हवा, कपडे वाळत नव्हते, हॉलमध्ये आडव्या दोऱ्यांवर सगळीकडे ओले कपडे लटकलेले, त्यांच्याखालून वाकून जावं लागे. घरात ओलसर, आंबट वास भरून राहिला. शुभदा त्याला चहा द्यायची, डबा द्यायची, रसिकाच्या फीबद्दल बोलायची. त्या साडेअठरा हजारांबद्दल एक शब्द नाही.

जुन्या बँकेचं वसुलीचं ऑफिस मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या माणसाला हा प्रकार आधी कळेचना. सोडून दिलेले पैसे स्वतःहून भरायला येणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. "ये तो कब का बंद हो गया, अंकल, क्यों भर रहे हो?" त्याने तीनदा विचारलं. गुणवंत म्हणाला, बच्ची का ॲडमिशन है. हे खरं होतं आणि ते म्हणताना त्याला आपण पुन्हा मोजे काढतोय असं वाटलं. रसिकाचं ॲडमिशन नसतं तर तो आला असता का? सहा वर्षं तो आला नव्हता. कॉम्प्युटरने पकडलं म्हणून आला. कितीतरी वेळा खाडीवरून ये-जा करताना कठड्यावर कावळे दिसले तेव्हा त्याने नजर वळवली होती, पण आला नव्हता. मालकाकडून उचल घेऊन त्याने पैसे भरले, लेटरसाठी चार खेपा घातल्या, आणि अठ्ठावीस तारखेला ते हातात आलं. लिनेट खरंच स्टॉपवर उभी होती. बसमध्ये चढता चढता तिने लेटर वाचलं, झालं काका, टेन्शन घेऊ नका, उद्या फाईल पाठवते, म्हणाली आणि हात हलवला. बस उत्तनच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत गुणवंत तिथेच उभा होता. नीट घरी जा, बाळा, असं तो मनात म्हणाला.

तीस तारखेला कर्ज मंजूर झालं. रसिका मैत्रिणीबरोबर फीचा ड्राफ्ट भरायला गेली. दुपारचं घर रिकामं होतं. गुणवंतने लेटरची झेरॉक्स रोशनच्या फोटोखाली ठेवली, जुनं लॅमिनेट केलेलं लेटर आणि ते पेट्रोलचं बिल, खणातलं सगळंच त्याने आणलं होतं, तेही बाजूला ठेवलं. मग तो मोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. शुभदा चादर खळबळत होती.

"पूर्ण फेडलं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो तुझ्याशी. तुझ्या बांगड्यांचे पैसे होते. मशीन त्यातलंच." ती चादर खळबळत राहिली. त्याला थांबता येईना. "मला एकच वाटत राहतं. त्या दिवशी तो कावळा माझ्या शब्दावर शिवला, आणि मी शब्द मोडला. म्हणजे मी त्याला जाता जातासुद्धा फसवलं."

शुभदाने नळ बंद केला. पाणी गळायचं थांबेपर्यंत ती तशीच उकिडवी बसून होती.

"तुमच्या शब्दावर नव्हता शिवला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तेव्हाच मीही म्हटलं होतं. मनात." ती चादरीकडे बघून बोलत होती. "म्हटलं, त्या दिवशीच्या ताटावरून तुझ्या बाबांना मी कधी बोलणार नाही. मरेपर्यंत नाही बोलणार. तेव्हा उतरला तो."

सहा वर्षं. जेवू तर द्या त्याला, या चार शब्दांनंतर ती त्या दुपारबद्दल खरंच कधी बोलली नव्हती. घरात नाही, माहेरी नाही, भांडणात नाही, तापात नाही. तिला तसं वाटतच नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर तो जेवला, झोपला, रसिकाच्या वाढदिवसाला हसला. आणि ती रोज सकाळी उठून, त्याच्या ताटात वाढताना, तो एक शब्द गिळत होती.

"आजही बोलत नाहीये," शुभदा म्हणाली. "तुम्ही कावळ्याचं काढलंत म्हणून सांगितलं. तुमचं एकदा भरलं की फिटलं, लेटर मिळालं. माझं रोजचं आहे."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. पण म्हणण्याजोगं जे होतं ते त्या रविवारी ताट पुढे असताना म्हणायचं होतं. तिने चादर उचलली, ओली चादर जड होती, एकटीला पिळता येईना. तिने एक टोक त्याच्याकडे केलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि पिळू लागला. चादर नुसतीच गोल फिरत राहिली, पाणी काही निघेना.

"तिकडे नाही," ती म्हणाली, "उलटा पीळ द्या."